रिकामा वाडगा: मिशिगनमधल्या एका सूपच्या पंगतीची गोष्ट

आपल्याकडे एखाद्याचं सगळं बुडालं की लोक म्हणतात, त्याच्या हातात करवंटी आली. कटोरा घेऊन फिरायची वेळ आली, असंही म्हणतात. म्हणजे रिकामं भांडं हातात असणं ही आपल्या भाषेत नामुष्कीची खूण. आज ज्या उपक्रमाबद्दल बोलणार आहे, त्यात हे सगळं उलटं होतं. ज्यांच्या घरी दोन वेळचं नीट शिजतं अशी माणसं येतात, पैसे मोजतात, साधं सूप आणि पाव खातात, आणि जाताना रिकामा वाडगा स्वतःच्या हाताने घरी घेऊन जातात. उपक्रमाचं नावच 'एम्प्टी बोल्स'. रिकामे वाडगे.

सुरुवात 1990 ची. अमेरिकेत मिशिगन राज्यात ब्लूमफील्ड हिल्स नावाचं गाव आहे. तिथे जॉन हार्टम नावाचे कलाशिक्षक हायस्कूलच्या मुलांना शिकवायचे. त्या वर्षी मुलांनी वर्गात मातीचे वाडगे बनवले, भाजले, रंगवले. मग एक जेवण ठेवलं. पाहुण्यांनी देणगी द्यायची, आपापला वाडगा निवडायचा, त्यात वाढलेलं सूप पावाबरोबर खायचं. जेवून झाल्यावर वाडगा ज्याचा त्याने ठेवून घ्यायचा, जगात अजून कितीतरी वाडगे रिकामे आहेत याची आठवण म्हणून. जमलेले पैसे भुकेल्यांसाठी. लिसा ब्लॅकबर्न या दुसऱ्या कलाशिक्षिका हार्टम यांच्याबरोबर होत्या. पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, दोघांनी 'इमॅजिन रेंडर' नावाची छोटी ना-नफा संस्था काढली आणि ही कल्पना कुणीही उचलावी म्हणून लोकांपुढे ठेवली.

इतकीच गोष्ट. पाच मिनिटांत संपली. (हशा) पण मला ती ऐकल्यापासून तीन प्रश्न पडलेले आहेत. हे नेमकं त्याच गावात का घडलं? सूपच का? आणि खरा प्रश्न, याने कुणाची भूक भागते का?

पहिल्यापासून बघू. ब्लूमफील्ड हिल्स हे मिशिगनमधल्या सर्वांत श्रीमंत गावांपैकी एक. मोटार कंपन्यांचे मोठे अधिकारी, वकील, डॉक्टर यांची वस्ती. झाडी, मोठमोठे बंगले. आणि तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर डेट्रॉइट. 1950 च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. 1990 मध्ये ती सव्वादहा लाखांच्या आसपास आली होती. चाळीस वर्षांत आठ लाखांवर माणसं कमी झाली. कारखाने बाहेर गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, मागे राहिले ते बहुतांशी कृष्णवर्णीय, आणि त्यांत गरीब पुष्कळ. ज्यांच्या मुलांनी वाडगे बनवले ती घरं आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता ती घरं, यांच्यात अंतर फार नव्हतं, पण एकमेकांकडे जायचं काही कारणही उरलं नव्हतं.

या गावाचा दुसरा धागा मातीचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. ब्लूमफील्ड हिल्समध्येच क्रॅनब्रुक ही नावाजलेली कला अकादमी आहे. तिथे 1938 ते 1966 इतका दीर्घ काळ माया ग्रोटेल या बाई मृत्तिकाकला विभाग सांभाळत होत्या. जन्माने फिनलंडच्या, 1927 मध्ये अमेरिकेत आलेल्या. झिलईवर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि अमेरिकेतल्या कुंभारकलेच्या शिक्षकांची एक पिढीच त्यांच्या हाताखाली तयार झाली. डेट्रॉइट शहरात तर 1903 पासून 'पेवाबिक पॉटरी' चालू आहे. तेव्हा त्या परिसरात चाक आणि भट्टी ही नवलाची गोष्ट नव्हती.

मुळात अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये कुंभाराचं चाक पोचलं कसं? दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकायची सोय झाली आणि विद्यापीठांत कलेचे विभाग भराभर वाढले. त्यातून कलाशिक्षक बाहेर पडले. 1952 मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, जपानचे शोजी हमादा आणि विचारवंत सोएत्सू यानागी असे तिघं अमेरिकाभर फिरले, व्याख्यानं दिली, प्रात्यक्षिकं केली. रोजच्या वापरातली, नाव-गाव नसलेल्या कारागिराने केलेली वाटी हीसुद्धा सौंदर्याची वस्तू आहे, हे यानागींचं सांगणं. अमेरिकन कुंभारांच्या मनात ते खोल गेलं. चाळीस वर्षांनी मिशिगनमधली शाळकरी मुलं साधा वाडगा हा दान देण्याजोगा ऐवज मानतात, त्यामागे ही सगळी मशागत आहे, असं मला वाटतं.

आणि वाडगाच का, तर त्याचं एक अगदी कारागिरीतलं कारण आहे. चाक फिरू लागलं की माती बाहेर पसरायला बघते. उंच, सरळ भांडं काढायचं तर तिला सतत आवरावं लागतं, ते नवशिक्याला जमत नाही. वाडग्याचं तसं नाही, मातीला जिकडे जायचं तिकडेच तो जातो. दोन-चार महिने शिकलेल्या मुलाच्या हातूनही पौंड-दीड पौंड मातीत बरा वाडगा निघतो. थोडा वाकडा झाला तरी सूप काही सांडत नाही.

आता भूक. नव्वदच्या अमेरिकेत भूक कुठली, असं तुम्ही म्हणाल. श्रीमंत देश, धान्याची कोठारं भरलेली. पण भूक आणि कोठार यांचा संबंध किती असतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. अमेरिकेत 1964 च्या कायद्याने फूड स्टँपची योजना कायमची झाली. म्हणजे गरीब कुटुंबाला सरकार कुपनं देणार, त्यावर दुकानातून धान्य, दूध, भाजी घ्यायची. सत्तरच्या दशकात ही योजना देशभर पसरली. मग 1981 मध्ये रेगन अध्यक्ष झाले आणि कपात सुरू झाली. दहा लाखांच्या आसपास माणसं फूड स्टँपच्या बाहेर फेकली गेली. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचे पैसे कमी केले. त्याच वेळी एक सरकारी मसुदा आला, की शाळेच्या ताटात चटणी-लोणच्यासारख्या पदार्थांना भाजी म्हणून धरता येईल. वर्तमानपत्रांनी 'केचप म्हणजे भाजी' म्हणून अशी काही टर उडवली की तो मसुदा मागे घ्यावा लागला. (हशा)

हसू येतं खरं, पण मिशिगनमध्ये तेव्हा काय चाललं होतं बघा. 1982 च्या अखेरीस तिथली बेकारी 16 टक्क्यांच्या पुढे गेली होती. काल मोटारी जोडणारा माणूस आज चर्चच्या तळघरात डबाबंद घेवड्यासाठी उभा. सरकारी गोदामांत मात्र चीज साठलेलं, कारण दुधाचे भाव टिकवण्यासाठी सरकार ते वर्षानुवर्षं विकत घेत होतं. डिसेंबर 1981 मध्ये रेगन यांनी त्यातलं 3 कोटी पौंड चीज गरिबांना वाटायचं जाहीर केलं. वाटायचं कुणी? चर्चनी, स्वयंसेवी संस्थांनी. अशा रीतीने सरकारने अर्धा भार समाजाच्या खांद्यावर टाकला.

तो खांदा तयार होत होताच. 1967 मध्ये ॲरिझोनात फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक उघडली. दहा मुलांची आई असलेली एक बाई दुकानांमागच्या कचऱ्यातून चांगलं अन्न वेचायची. तिने त्यांना सुचवलं, की पैसे ठेवायला बँक असते तशी अन्न ठेवायला का असू नये? 1979 मध्ये देशभरातल्या फूड बँकांचं जाळं उभं राहिलं, त्याला आज 'फीडिंग अमेरिका' म्हणतात. ऐंशीच्या दशकात अशा बँका, सूप किचन, चर्चमधली धान्यघरं झपाट्याने वाढली. डेट्रॉइटमध्ये कापुचिन साधूंचं सूप किचन तर 1929 च्या मंदीपासून चालू आहे, आजही आहे.

या संस्थांना सतत पैसा लागायचा. आणि ऐंशीचं दशक म्हणजे भुकेसाठी प्रचंड मोठे तमाशे करण्याचं दशक. 1985 मध्ये इथिओपियासाठी 'लाइव्ह एड'. 25 मे 1986 ला 'हँड्स अक्रॉस अमेरिका', म्हणजे या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत लोकांनी हातात हात घालून साखळी करायची. 50 लाखांच्या आसपास माणसं उभी राहिली. वाळवंटात साखळी तुटली, तो भाग सोडा. जमले सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर, आणि खर्च वजा जाता वाटायला उरले दीड कोटीच्या आसपास. साखळी सुटली, माणसं घरी गेली, हातात काही उरलं नाही.

याच्या चार वर्षांनंतर हार्टम यांची मुलं वाडगे करत होती. त्या दोन गोष्टींचा थेट संबंध होता असा माझा दावा नाही. पण प्रमाण बघा. इथे मांडवाचा खर्च नाही, गायकाचं मानधन नाही. माती शाळेची, सूप कुणाच्या तरी घरातून किंवा गावातल्या हॉटेलातून, पाव बेकरीवाल्याचा. आणि पैसा गावाबाहेर जात नाही. ज्या गावाने पंगत घातली, त्या गावाने आपल्याच परिसरातली एखादी संस्था निवडायची. कार्यक्रमाला मुख्य कार्यालयाची परवानगी, वर्गणी, वाटा असली भानगड नव्हती. म्हणूनच तो इतका पसरला. कुंभारांची मंडळं, शाळा, चर्च, विद्यापीठं, ज्याला जमेल त्याने केला. अमेरिकेच्या सगळ्या भागांत झाला आणि डझनभर तरी इतर देशांत गेला. अनेक ठिकाणी तो 16 ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक अन्नदिनाच्या आसपास धरतात. तिकीट बहुतेक दहा ते तीस डॉलरच्या दरम्यान असतं.

आता सूपच का? इथे मला जरा मागे जायचंय, कारण सूप आणि दान यांचा इतिहास फारसा गोड नाही. 1790 च्या दशकात म्युनिकमध्ये काउंट रम्फर्ड यांनी गरिबांसाठी जव, वाटाणे, बटाटे घालून स्वस्तातलं सूप ठरवलं. कमीत कमी पैशात जास्तीत जास्त पोटं, हा हिशेब तिथून पक्का झाला. मग आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ. 1847 च्या उन्हाळ्यात सरकारी सूप किचनमधून रोज 30 लाखांच्या आसपास लोक जेवत होते. त्याने जीव वाचले, हे मान्य केलंच पाहिजे. पण घरातलं भांडं घेऊन सगळ्या गावासमोर रांगेत उभं राहावं लागायचं आणि ती लाज लोक पिढ्यानपिढ्या विसरले नाहीत. काही ठिकाणी धर्म बदलणाऱ्यालाच सूप मिळायचं. 'त्याने सूप घेतलं' हा वाक्प्रचार तिकडे शिवीसारखा वापरला गेला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलेक्सिस सोये या लंडनच्या प्रसिद्ध स्वयंपाक्याने डब्लिनमध्ये नमुन्याचं स्वयंपाकघर उघडलं. लांब टेबलं, ओळीने वाडगे, प्रत्येक वाडग्याला साखळीने बांधलेला चमचा, चोरीला जाऊ नये म्हणून. घंटा वाजली की शंभर माणसं आत, काही मिनिटांत खाऊन बाहेर, की पुढची शंभर. आणि उद्घाटनाच्या दिवशी शहरातल्या प्रतिष्ठितांना निमंत्रण होतं, पाच शिलिंग देऊन गरिबांना जेवताना बघायचं. ते पाच शिलिंगही दानासाठीच होते बरं का.

हे चित्र डोळ्यापुढे ठेवा आणि मिशिगनची पंगत बघा. इथेही खाऊनपिऊन सुखी माणूस पैसे देतोय, सूप आहे, वाडगा आहे. पण बघणारा कुणी नाही. देणाराच टेबलावर बसलाय आणि साधं अन्न तोच खातोय. वाडग्याला साखळी नाही, तो त्याचाच आहे. हार्टम आणि ब्लॅकबर्न यांच्यासमोर डब्लिन होतं असं मी म्हणत नाही. पण सूपच्या दोनशे वर्षांच्या हिशेबात देणाऱ्या-घेणाऱ्याच्या जागा इतक्या साध्या युक्तीने बदललेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

अर्थात यात एक मोठी गैरहजेरी आहे. ज्याच्यासाठी हे चाललंय तो भुकेला माणूस त्या खोलीत बहुतेक वेळा नसतोच. त्याची लाज वाचते हे खरं. पण देणाऱ्यालाही त्याचा चेहरा बघावा लागत नाही, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदमच होतात.

आणखी एक माणूस आहे ज्याचा विचार कमी होतो, तो म्हणजे कुंभार. शाळेतली मुलं शंभर-दीडशे वाडगे करतील. पण शहराचा कार्यक्रम मोठा झाला की हजार वाडगे लागतात, ते व्यावसायिक कुंभारांकडून येतात. तिथे अमेरिकन करकायदा आडवा येतो. 1969 पासून तिथे असा नियम आहे, की कलावंताने स्वतः केलेली वस्तू दान दिली तर त्याला सूट फक्त कच्च्या मालाच्या खर्चापुरती मिळते. माती, झिलई, फार तर चार आण्यांचा माल. त्याची मेहनत, कौशल्य, वस्तूचा बाजारभाव, यातलं काही धरलं जात नाही. तीच वस्तू दुसऱ्या कुणी विकत घेऊन दान दिली तर गणित वेगळं. पाहुण्यालाही हिशेब आहे, त्याने वीस डॉलर दिले आणि वाडग्याची किंमत बारा धरली, तर सूट आठ डॉलरवर. म्हणजे कागदोपत्री सगळ्यात कमी दान कुणाचं, तर ज्याने तीस वाडगे मळून, भाजून दिले त्याचं. कुंभारांमध्ये याची कुरबुर असते, आणि ती रास्त आहे. पंधरा डॉलरला वाडगा आणि वर सूप मिळायला लागल्यावर गिऱ्हाईक कुंभाराच्या दुकानात तोच वाडगा तीस डॉलरला कशाला घेईल, असाही त्यांचा प्रश्न असतो. तरीसुद्धा बरेच कुंभार दरवर्षी देतात. वर्षातला एक शनिवार सगळे एका ठिकाणी जमून दिवसभर फक्त वाडगेच काढतात. कारागीर एरवी एकटा काम करतो, त्याला तो दिवस आवडतो.

आता तिसरा प्रश्न. भूक भागते का?

समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडीक यांनी 1998 मध्ये 'स्वीट चॅरिटी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा टोचणारा आहे. दान जितकं गोड, जितकं समाधान देणारं, तितकं सरकारवरचं दडपण कमी होतं. लोकांना वाटतं, भुकेचं बघायला कुणीतरी आहे. हक्काची जागा भेट घेते. आणि आकडेही त्यांच्या बाजूने आहेत. खुद्द फीडिंग अमेरिकाच सांगते, की फूड बँकांच्या जाळ्यातून एक जेवण जातं तेव्हा सरकारी योजनेतून, म्हणजे जुन्या फूड स्टँपमधून, नऊ जेवणं जातात. संसदेत एका ओळीची कपात झाली तर देशातले सगळे वाडगे विकूनही ती भरून येणार नाही. 2006 मध्ये तर अमेरिकेच्या कृषिखात्याने आपल्या वार्षिक अहवालाच्या वर्गवारीतून 'भूक' हा शब्दच काढला आणि त्याजागी 'अत्यल्प अन्नसुरक्षा' असं घातलं.

माझं मत विचाराल तर पॉपेनडीक बाईंचा युक्तिवाद मला पटतो, आणि तरीही मी या पंगतीच्या बाजूने आहे. कारण हार्टम यांचा मूळ प्रश्न भूक संपवायचा नव्हता. ते शिक्षक होते. सोळा वर्षांच्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलाला या विषयात स्वतःच्या हाताने काय करता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणं आणि स्वतः केलेला वाडगा अनोळखी माणसाच्या हातात देणं यात फरक आहे. आणि तो वाडगा स्वयंपाकघरात राहतो. पुढे कधी फूड स्टँपच्या कपातीची बातमी येईल तेव्हा तो फळीवर असेल. त्याने त्या माणसाचं मत बदलतं का, हे मोजायचं कसं? मला माहीत असलेल्या कुठल्याच फूटपट्टीने ते मोजता येत नाही.

इथे थांबतो. काही प्रश्न आले आहेत, त्यातले दोन घेतो.

एक प्रश्न असा, की आपल्याकडे असं काही झालं का? हुबेहूब असं मला आठवत नाही, आणि मिशिगनशी धागा तर नाहीच. पण गावाने थोडं थोडं देऊन पोटं भरायची, ही रीत आपल्याकडे जुनी. 1877 च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला आणि जोतीरावांनी त्यासाठी लोकांकडे मदत मागितली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगसाठी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवायचं. गोव्यात पणजीला 1908 मध्ये सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेचं नावच मुष्टिफंड. त्यात लक्षात घ्या, रोज मूठ बाजूला काढणारी बाई पुष्कळदा स्वतःही फार खाऊनपिऊन सुखी नव्हती. तिला आठवण करून द्यायला वाडग्याची गरज नव्हती.

दुसरा प्रश्न एका ताईंचा, अगदी व्यवहारी आहे, की त्या हाताने केलेल्या वाडग्यात पुढे खरोखर खाता येतं का, की तो शोभेचाच? खाता येतं. अट एकच, झिलईत शिसं नसावं आणि ती नीट, पुरेशा तापमानाला भाजलेली असावी. चांगले आयोजक हे आधीच कुंभारांना सांगून ठेवतात. मात्र चीर गेलेला वाडगा घेऊ नका, चिरेत अन्न अडकतं. तो घेतलाच तर त्यात लिंबं ठेवा.